दुसरा पोहरा

समुद्रात तीन बुड्या मारून मीनाळ ओलेत्यानेच रामेश्वरच्या देवळात आली, तेव्हा विहिरींपाशी अजून गर्दी झाली नव्हती. काखेत प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत एक कोरडी जांभळी साडी आणि झाळ लावून बंद केलेला गंगेचा गडू. काम तसं साधंच होतं. थोरली बहीण विशालम पंगुनी महिन्यात गेली. तिच्या नावाने देवळातल्या बावीस विहिरींचं पाणी अंगावर घ्यायचं, कोरडं नेसायचं, गडू अभिषेकाला द्यायचा आणि दुपारच्या गाडीने कारैकुडीला परत जायचं.

पाणी काढणारा करुप्पय्या विहिरीच्या कठड्यावर उभा होता.

"किती जण, अम्मा?"

"एकटीच."

"मग लवकर उरकू. काल एकाच घरचे सतरा जण होते. माझा खांदा अजून त्यांच्याकडेच राहिलाय."

मीनाळ हसली. गार पाण्याचा पोहरा डोक्यावर रिता झाला. करुप्पय्याने तो पुन्हा विहिरीत सोडला, भरून काढला आणि तिच्यापासून हातभर लांब, नुसत्या दगडावर ओतला. चुकून ओतला असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या विहिरीवर तेच झालं. तिसऱ्यावरही.

"अरे तंबी, पाणी कशाला वाया घालवतोस? एकटीच आहे म्हटलं ना मी."

"आणि त्या मागच्या अम्मा?"

"कोण मागच्या?"

"त्या काय, खांबाला धरून येतायत. गुडघ्यांनी दमवलेलं दिसतंय त्यांना. सावकाश येऊ दे. मला कुठे पळायचंय."

मीनाळने वळून पाहिलं. लांबच लांब ओवरी, दोन्ही बाजूंना खांब, आणि ते खांब जिथे काळोखात विरघळत होते तिथवर कुणी नव्हतं. पण ती पुढे चालू लागली तशी मागून चाहूल आली. एक ओलं पाऊल टेकत होतं, दुसरं घासत येत होतं. पाण्याच्या, शेवाळाच्या वासात निर्गुडीच्या तेलाचा वास मिसळला. अक्का रोज रात्री गुडघ्यांना तेच तेल चोळायची.

वीस वर्षांपूर्वी दोघी बहिणी इथेच आल्या होत्या. इथली वाळू काशीला नेऊन गंगेत सोडायची आणि गंगेचं पाणी आणून इथल्या देवावर घालायचं, म्हणजे यात्रा पुरी होते. अक्काला नवरा नव्हता, मूल नव्हतं; ती मीनाळच्याच घरी राहायची. तिने वाळू पुरचुंडीत बांधून घेतली आणि म्हणाली, "तू नेशील तेव्हा जाईन."

तीन वर्षांनी मीनाळ काशीला गेली, पण नवऱ्याबरोबर. "तुझ्या अक्काचे गुडघे घेऊन निघालो, तर काशीला पोचेपर्यंत आपणच म्हातारे होऊ," तो म्हणाला होता, आणि मीनाळ हसली होती. ते हसणं तिला आता राहून राहून आठवत असे. अक्काला सांगितलं, मदुरैला लग्नाला जातोय. येताना आणलेला गडू कपाटात साड्यांमागे गेला. तो घेऊन रामेश्वरला यायचं, तर अक्काला कळणारच. अक्का दर वर्षी विचारायची, "यंदा जमेल का गं?" कधी नातवाचं बारसं आडवं यायचं, कधी घराचं रंगकाम. अक्का गेली तेव्हा ती पुरचुंडी तिच्या उशाखाली होती.

आठवी विहीर झाली, बारावी झाली. दर विहिरीवर एक पोहरा मीनाळवर, एक तिच्या शेजारी. शेजारचं पाणी आता सरळ दगडावर आपटत नव्हतं. ते कशावर तरी अडत होतं आणि मग खाली निथळत होतं.

अठराव्या विहिरीकडे जाताना मीनाळचा धीर सुटला. मागे न बघताच ती पुटपुटली, "अक्का... मदुरैचं लग्न खोटं होतं. मी काशीला जाऊन आले... तुला टाकून."

घासत येणारं पाऊल थांबलं. ओवरीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग अगदी कानाशी, नेहमीच्या थकल्या आवाजात उत्तर आलं.

"ठाऊक होतं... तुझं कपाट मीच आवरायची ना."

सोळा-सतरा वेळा तरी अक्काने विचारलं असेल, यंदा जमेल का म्हणून. गडू पाहिल्यावरही विचारत राहिली. काशीला जाण्यासाठी नाही, मीनाळने एकदा खरं बोलावं म्हणून.

बाविसाव्या विहिरीवर करुप्पय्याने दोन पोहरे ओतले आणि दोर गुंडाळला. "झालं. आता कोरडं नेसा दोघी. ओल्या कपड्याने देवापुढे सोडत नाहीत."

कपडे बदलायच्या खोलीत कुणी नव्हतं. मीनाळने पिशवी उघडली. साडी एकच होती. ती बराच वेळ घडीवर हात ठेवून उभी राहिली. पाठीमागे कुणीतरी थंडीने कुडकुडत होतं, दात वाजल्याचा आवाज येत होता.

तिने साडी कट्ट्यावर ठेवली. वर गडू ठेवला. "तू जा, अक्का," ती म्हणाली. "माझं राहू दे."

ती बाहेर येऊन खांबाला टेकली. थोड्या वेळाने दर्शनाच्या रांगेत तिला जांभळी साडी दिसली. पाठमोरी बाई, कमरेवर गडू, एक हात खांबांना लावत चाललेली. मीनाळने हाक मारली. बाईने मान वळवली नाही. दारातून ती आत गेली आणि दुपारी दारं बंद होईपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतर मीनाळ तीनदा रामेश्वरला आली आहे. दर वेळी मुक्कामावर आंघोळ करून, उन्हात वाळलेली साडी नेसून, समुद्राकडे न फिरकता ती सरळ देवळात येते. दर वेळी गाभाऱ्याच्या वाटेवरचा पहारेकरी तिच्या पायांकडे बघतो. तिच्या निऱ्यांमधून फरशीवर पाणी टपकत असतं.

"अम्मा, ओल्या साडीने आत नाही," तो म्हणतो.

मीनाळ वाद घालत नाही.