आलोच

"हलका हवा. मुठीत मावेल असा. आणि फर्मवेअर ओपन-सोर्स... आत काय चाललंय ते मला दिसलं पाहिजे."

दुरुस्तीवाल्याने हातातलं सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं. "राउटर बघायला आलात की मुलगा?"

मी हसले नाही, म्हणजे तसा प्रयत्न केला. गावोगावच्या दवाखान्यांतली एक्स-रे यंत्रं तपासत हिंडणं हे माझं काम. रोज नवा लॉज, रोज परकं वायफाय; मध्ये आपला एक भरवशाचा राउटर हवा होता. त्याने काचेच्या कपाटातून काडेपेटीएवढी पांढरी डबी काढली. "दादाचा आहे. विकायचा नाही. वापरा, पण परत आणून द्या."

"राउटर परत हवाय, की मी?"

"दोन्ही—" त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... राउटरच."

पहिल्याच लॉजवर दिवेलागणीला मी तो लावला. जोडलेल्या फोनांच्या यादीत माझा फोन होता, आणि त्याखाली आणखी एक नाव... 'आलोच'. खोलीत मी एकटी. पासवर्ड बदलला, तरी 'आलोच' तिथेच. पुढच्या गावातही तेच. पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं मी, सांगायला लाज वाटते.

मी त्याला फोन केला. ते नाव वाचून दाखवलं.

"ते दादाच्या फोनचं नाव. 'आलोच' म्हणायचा आणि तासभर उगवायचा नाही. शेवटचंही तेच म्हणून गेला... नदीत होडी उलटली. तो सापडला नाही. फोनही नाही."

मग आम्ही रोज बोलू लागलो. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"आहे का तो?"

"आहे."

"आणि तू?"

"मी पण आहे रे!" एवढ्याशा बोलण्यात माझा जीव त्याच्यात अडकला.

पुढे मला दूरच्या शहरात कायमची नोकरी लागली. निघायच्या दिवशी राउटर परत द्यायला गेले आणि सरळ विचारून टाकलं, "चलतोस माझ्याबरोबर? तिथेही वस्तू बिघडतात."

"यायचंय गं... पण मी दुकान बंद केलं आणि तो आला तर?"

शेवटचं एकदा दोघांनी मिळून पाहावं म्हणून राउटर लावला, दोघांचे फोन जोडले, यादी उघडली. 'आलोच' होतं. तेवढ्यात दुकानात नदीच्या गाळाचा वास सुटला. आमच्या डोळ्यांदेखत ते नाव पुसलं गेलं आणि त्याच जागी दुसरं उमटलं.

'जातो'.

मी त्याचा हात घट्ट धरला. निघताना कुणी 'जातो' म्हणतं का? लहानपणी चुकून तोंडातून गेलं तरी आई दटावायची, 'येते म्हण!'

"दादा असं कधीच म्हणाला नव्हता..." तो पुटपुटला.

मग तेही नाव गेलं. यादीत आमचे दोघांचेच फोन उरले. तो रडला. मी रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्याने राउटर माझ्या बॅगेत टाकला, बॅग खांद्याला लावली आणि बाहेर येऊन शटर अर्धं ओढलं. मग वाकून आतल्या अंधारात पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "येतो."