उघडावं लागणार

हेक्टर पिरीने इंजिनाच्या कवचाचा अर्धा भाग टॉवेलात गुंडाळून नायरीच्या स्वयंपाकघरात आणला, तेव्हा ओव्हनमध्ये आधीच मटणाची तंगडी भाजत होती.

"ती बाहेर काढ," हेक्टर म्हणाला. "हे तापवायचंय. कवच तापून फुगलं की बेअरिंग आपोआप आत बसतं. हातोडी लागत नाही."

"आणि तंगडीचं काय?"

"तंगडी थांबेल. माझं वय थांबणार नाही."

उभे आयुष्य रिव्हर्टनच्या बेकरीत गेल्यामुळे ओव्हनविषयी हेक्टरचा शब्द गावात अखेरचा मानला जाई. इंजिनाविषयीचे त्याचे ज्ञान मात्र, सौम्य शब्दांत सांगायचे तर, कणीक मळण्यापलीकडे फारसे गेलेले नव्हते. तरीही हे इंजिन त्याला जुळवणे भाग होते, कारण त्यावर त्याचे नायरीशी लग्न अडले होते.

इंजिन नायरीच्या दिवंगत नवऱ्याचे, म्हणजे लॉकीचे. युद्धापूर्वीची ती एकसिलिंडरी मोटरसायकल लॉकीने लग्नाच्या वर्षी घेतली आणि संसारभर ती जुळवत राहिला. त्याच्याजवळ लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचे टोक यंत्राला टेकवायचे, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे, गालातली पेपरमिंटची गोळी एकदा इकडून तिकडे फिरवायची आणि जाहीर करायचे : "उघडावं लागणार." मग पांढरा टॉवेल अंथरून त्यावर पाने-पक्कडी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायच्या. शिवणयंत्र, भिंतीवरचे घड्याळ, चर्चमधला बाजा, काही म्हणजे काही त्याच्या हातून सुटले नाही. मृत्युशय्येवर त्याने नायरीकडून वचन घेतले, की माझे इंजिन सुरू झाले की खुशाल दुसरे लग्न कर. नायरीने रडत रडत होकार दिला. ते इंजिन आजवर कधी सुरूच झाले नव्हते, ही त्या वचनातली मेख तिच्या ध्यानात आली ती अंत्यविधीच्या चहानंतर. तोवर लॉकीची थोरली बहीण इसबेल त्या वचनाची साक्षीदार आणि पहारेकरी, दोन्ही होऊन बसली होती.

कवच तापले, बेअरिंग बसले. दुपारी शेडमध्ये हेक्टरने पिस्टनवर तिन्ही रिंगा चढवल्या. प्रत्येक रिंगेला एक फट असते. हेक्टरने तिन्ही फटी नीट एका रेषेत आणल्या आणि ही टापटीप पाहून समाधानाने तो चहा व चीज रोल घ्यायला घरात गेला.

परत आला तेव्हा तिन्ही फटींची तोंडे तीन दिशांना होती.

दक्षिणेचा वारा पत्र्याखाली शिरून हळूहळू कण्हत होता. शेडमध्ये रॉकेलचा वास होता, आणि त्यात मिसळलेला आणखी एक, थंड, नाकात चढणारा. खिळ्यावर टांगलेला लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर किंचित झुलत होता. हेक्टरने त्याला हात लावला. मूठ कोमट होती.

तो बऱ्याच घाईने स्वयंपाकघरात आला.

"पेपरमिंटचा वास?" नायरीने हातातली बशी खाली ठेवली. "साधं, की कडक?"

"कडक."

"…मग तोच."

"नायरी, तो हे लग्न होऊ देणार नाही."

"होऊ द्यायचं नसतं, तर त्यानं पिस्टनच लपवला असता." ती विचारात पडली. "फटी एका रेषेत आल्या की दाब निसटतो, असं तो नेहमी म्हणायचा. अरे, त्यानं तुझं काम सुधारलंय. चुकीचं काम त्याला बघवतच नसे. आमच्या लग्नाचा केकसुद्धा त्यानं दोनदा सरळ केला होता."

हेक्टरने उरलेला चीज रोल सावकाश संपवला. "मग सोपंच झालं. बरोबर काय ते मला येत नाही. चुकीचं मात्र अगदी मनापासून येतं."

त्या दिवसापासून हेक्टर निष्ठेने चुकू लागला. दातेरी चाकांवरचे ठिपके एकमेकांसमोर आणायचे असतात. तो ते पाठमोरे ठेवी आणि चहाला जाई. व्हॉल्व्हची अदलाबदल करी आणि चहाला जाई. एकदा दाराबाहेर थांबून त्याने फळीच्या फटीला कान लावला. आत पाना फिरल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच जीभ टाळ्याला लावून काढलेला तो त्रासिक "च्…" हेक्टरच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण त्याहून जास्त, शाळेत गणित तपासून घेताना येई तसा घाम आला. अखेरीस एक झाकण नजरचुकीने त्याच्याकडून बरोबर बसले. तो परतला तेव्हा झाकणाला कुणी हात लावलेला नव्हता. त्यावर फक्त एक पेपरमिंटची गोळी ठेवलेली होती. अर्धी चोखलेली.

रविवारी चर्चनंतर जुळवून झालेली मोटरसायकल अंगणात आली आणि समोर इसबेल खुर्ची टाकून बसली. टोपी पिनांनी पक्की होती, चेहराही.

"पाववाल्या, नीट ऐक. नायरी किटली चढवतेय. पाणी उकळेपर्यंत चाललं पाहिजे. एकदा खोकून मेलं, तर त्याला सुरू झालं म्हणत नाहीत."

"मान्य, इसबेलबाई."

हेक्टरने किक मारली. किक उलटली आणि हेक्टर रेवाचिनीच्या वाफ्यात जाऊन पडला.

"माझ्या भावाची लाथ," इसबेल तृप्तपणे म्हणाली. "जिवंतपणी कधी मारली नाही बिचाऱ्यानं."

"मारायला वेळ कुठे होता त्याला?" दारातून नायरी म्हणाली.

हेक्टर उठला, गुडघे झटकले आणि पुन्हा किक मारली. इंजिन खाकरले, थबकले आणि सुरू झाले. धड… धड… धड… नायरीने तोंडावर हात दाबला. हा आवाज तिने आयुष्यात प्रथमच ऐकला.

तेवढ्यात शेडचे दार उघडले.

लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर बाहेर आला. त्याला कुणी धरलेले नव्हते. गवतावरून तो संथपणे आला, टोक इंजिनाला टेकले आणि मूठ तिरकी होऊन एका ठरावीक उंचीवर थांबली. लॉकी वाकला की त्याचा कान तिथेच येत असे.

"बंद… बंद करू का?" हेक्टर पुटपुटला.

"हात लावू नकोस…"

स्क्रूड्रायव्हर सिलिंडरवर गेला. मग गिअरच्या पेटीवर. तिथे तो फार वेळ थांबला. बागेतला एकही पक्षी बोलत नव्हता.

"लॉकी," नायरी हलकेच म्हणाली, "आता पुरे ना रे…"

आत किटलीने शीळ घातली. हवेतून थंड पेपरमिंटचा एक दीर्घ नि:श्वास सरकत गेला आणि स्क्रूड्रायव्हर अलगद गवतावर आडवा झाला.

इसबेलची टोपी थरथरत होती. "त्याला काही सापडलं नाही," ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदाच काही सापडलं नाही." मग तिने नाक पुसले. "बघत काय बसलात? किटली उतरवा. आणि तारीख ठरवा."

लग्न साधेच झाले. केक हेक्टरने केला आणि तो सरळ होता. मोटरसायकल चर्चबाहेर एका किकमध्ये सुरू झाली. शेडमध्ये आता जुळवण्यासारखे काहीच उरले नव्हते, आणि पाने-पक्कडी पेटीत बंद होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेक्टर आरशासमोर दाढी करायला उभा राहिला. बनियनवर, डाव्या बाजूला, तेलाचा एक काळा ठिपका होता. त्याने बनियन वर केला. खाली कातडीवर एक चपटी, सरळ खूण उमटली होती, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाएवढी रुंद. त्याने तिथे तळहात ठेवला. आत धडधड चालली होती. मधूनच एखादा ठोका चुकत असावा, अशी त्याला शंका आली. ठामपणे मात्र सांगता येईना.

"नायरी," तो शक्य तितक्या सहज स्वरात म्हणाला, "माझ्या बाजूच्या टेबलावर पांढरा टॉवेल तू अंथरलास?"

"मी? नाही बाई," नायरी पांघरुणातून म्हणाली. "का रे?"

हेक्टर टेबलाजवळ गेला. टॉवेलावर पाने ओळीने मांडलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. सर्वांत मोठ्याच्या शेजारी एक पेपरमिंटची गोळी होती. ती अजून ओली होती.