कुडपणचा द्वारपाल

मेलेल्या माणसांना बाकावर बसवावे, असं अस्मिताच्या नियमपुस्तिकेत लिहिलं होतं. खुर्ची एकच होती आणि ती मला होती.

अस्मिता माझी भाची. महाडच्या कॉलेजात इतिहास शिकवते आणि सुट्टीत राक्षस मारते. तिच्यासारखे तेवीस जण पुण्या-मुंबईहून कुडपणला दोन दिवसांच्या संमेलनासाठी जमले होते. कोणी मांत्रिक, कोणी राणी, कोणी गादीला मुकलेला सेनापती. झगे घालायचे, फोमच्या तलवारी घ्यायच्या आणि सोनकीच्या फुलांतून पठारभर एकमेकांना मारत हिंडायचं. याला लार्प म्हणतात. मी एकतीस वर्षं महाडच्या एका साप्ताहिकात तिरकस सदर लिहिलं, त्यामुळे मोठ्या माणसांनी वेश घालून गादीसाठी भांडावं याचं मला काही नवल नव्हतं.

माझं वय बघून मला बसून करण्याचं काम दिलं होतं. मी सावल्यांच्या देशाचा द्वारपाल. देश म्हणजे पोरं नाहीत म्हणून बंद पडलेल्या शाळेचा व्हरांडा. जो मारला जाईल त्याने माझ्याकडे यायचं आणि दहा मिनिटं बाकावर बसायचं. मग मी विचारायचं, ‘कसा मेलास?’ त्याने एका वाक्यात सांगायचं. मी त्याच्या मनगटाला पिवळा धागा बांधून ‘जा, खेळ चालू आहे’ म्हटलं की तो जिवंत. शेवटचा नियम असा, की द्वारपाल घंटा देऊन ‘खेळ संपला’ म्हणत नाही तोवर सगळे नियम लागू. तो म्हणाला की धागे तुटले.

“आणि द्वारपालच गचकला तर?” मी विचारलं.

“मामा, तसा नियम नाहीये,” अस्मिता म्हणाली. “तुम्हाला जगावंच लागेल.”

जेवण हरीकडे होतं. हरी साठीचा, शाळेच्या मागे एका खोलीत राहणारा. मूळचा तो पठाराखालच्या वाडीतला. चार वर्षांपूर्वी पावसात दरड आली आणि वाडी गेली. हरी त्या दिवशी पोलादपूरला दवाखान्यात होता, बायको बयाबाई घरी. बाकीचे सगळे सापडले. ती सापडली नाही.

“गावली नाय ती,” भाकरी वाढता वाढता तो मला म्हणाला होता. “मग दिवस कशाचे घालू?” मुलगा मुंबईला बोलावत होता, पण हा जात नव्हता. “ती आली आन् दाराला कुलूप दिसलं, तर?” रोज आपल्या ताटाशेजारी तो दुसरं ताट मांडायचा.

शनिवारी अस्मिताने सगळ्यांना नियम वाचून दाखवले तेव्हा तो दाराला टेकून ऐकत होता. शेवटी त्याने एकच शंका काढली. “मेलेला माणूस परत आला, तर त्याला कळतंय का, आपण मेलेलो ते?”

मंडळी हसली. अस्मिता मास्तरीण असल्याने हसली नाही. “कळतं,” तिने सांगितलं. “पण त्याबद्दल बोलायचं नाही.”

हरीने मान डोलावली.

रविवारी दुपारी धुकं उतरलं. पाच हातांवर घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडाही दिसेना. धुक्यातून कोणीतरी शाप दिल्याचे, कोणीतरी चिखलात घसरल्याचे आवाज येत होते. नासिर चौथ्यांदा मरून आला. हा महाडचा ड्रायव्हर, सगळ्यांना तिथून आपल्या मिनीबसने घेऊन आलेला. रिकामा बसलाय म्हणून त्याला शिपाई केलं होतं.

“काका, आलो परत.”

“कसा मेलास?”

“चहा पीत होतो. मागून मारलं साल्यांनी.”

“आधी दहा मिनिटं बस.”

तो बसला. तेवढ्यात उताराच्या बाजूने एक बाई वर आली. खेळणारे पठारावरून यायचे. उताराकडे फक्त रान. अंगावर लुगडं, कमरेपर्यंत चिखल, केसांत माती आणि मुळांचे बारीक तंतू. मला बरं वाटलं. दोन दिवस भाड्याचे झगे पाहिले होते. या बाईने वेशावर मेहनत घेतली होती. ती बाकाच्या टोकाला बसली. नासिर सरकला. मग आणखी सरकला. त्याची दहा मिनिटं भरली तेव्हा मनगट पुढे केलं, धागा बांधून घेतला आणि एकही विनोद न करता गेला.

बाई बसून राहिली. तिच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. तिची वेळ भरली.

“कशी मेलीस, बाई?”

“निजलेली. वरनं माती आली.”

दोन दिवस विषाचे पेले आणि भविष्यवाण्या ऐकून कान किटले होते. हे पहिलं धड वाक्य. मी खुशीत धागा बांधला. मनगट गार होतं. धुक्यात सगळ्यांचीच गार होती. माझी बोटं मात्र चिखलाने भरली.

“जा, खेळ चालू आहे.”

ती उठली नाही. “कुठं जाऊ? घर नाय तिथं.”

मला प्रत्येक गोष्टीला उत्तर देण्याची खोड आहे. त्या खोडीवर मी एकतीस वर्षं जगलो. मी शाळेच्या मागे बोट दाखवलं.

“हरीकडे जा. जेवण तयार आहे.”

ती गेली.

अडीच वाजता नासिर आला. या वेळी मेला नव्हता.

“काका, ती बाई आपल्या गाडीत नव्हती.”

“दुसऱ्या गाडीने आली असेल.”

“दुसरी गाडीच नाय आली.” तो बाकाच्या त्या टोकाकडे बघत होता. तिथे चिखल होता, ओला.

तीन वाजता सगळे अंगणात जमले. दमलेले, हसरे, मनगटांवर पिवळे धागे. अस्मिताने मला खूण केली. मी लोखंडी दांडा उचलला.

हरी धावत आला. हाताला पीठ तसंच होतं. त्याने माझं मनगट धरलं.

“सायेब, घंटा देऊ नका.”

“का रे?”

तो हळू बोलला, कोणाची झोपमोड होऊ नये तसा.

“ती जेवाय बसलेय.”

मी दांडा खाली ठेवला.

“मामा, उशीर होतोय,” अस्मिता म्हणाली. “घाट उतरायचाय.”

“घंटा बिघडली आहे,” मी म्हणालो.

रुळाचा तुकडा बिघडत नाही. पण सगळ्यांना घरी जायचं होतं. पोरांनी आपले धागे आपणच तोडले आणि गाडीत बसली. ‘खेळ संपला’ हे शब्द मी उच्चारले नाहीत. नासिरने पोलादपूर येईपर्यंत आरशात पाहिलं नाही.

दिवाळीत हरीचा फोन आला.

“कशी आहे?” मी विचारलं.

“हाय. बोलत नाय.” मग म्हणाला, “चिखल सुकत नाय तिचा. रोज पुसतोय.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. “सायेब, खेळ चालू हाय ना?”

“आहे.”

“तब्येतीला जपा.”

मी जपतो. शहात्तराव्या वर्षी गोळ्या वेळेवर घेतो, चवदार तळ्याला रोज दोन फेऱ्या मारतो. अस्मिताला वाटतं, मला शहाणपण आलं.

गेल्या गुरुवारी दुपारी चारला मी ओटीवर खुर्चीत पेपर वाचत होतो. बाहेर लख्ख ऊन होतं. पेपर खाली केला तर समोर ओटीवरच्याच बाकाच्या टोकाला एक माणूस बसला होता. डोक्यापासून भिजलेला, हात मांडीवर, शाळेत बसावं तसा. फाटकाशी आणखी तिघं उभी होती. त्यांतल्या एकीच्या केसांत माती होती.

मी घड्याळ पाहिलं. “दहा मिनिटं बसावं लागतं,” मी म्हणालो.

माणसाने मान हलवली. त्याला नियम माहीत होता.

रिळात धागा किती उरलाय ते पाहायला मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा बाक भरला होता. उरलेले खाली फरशीवर रांगेने बसले होते. खुर्ची मात्र त्यांनी माझ्यासाठी रिकामी ठेवली होती.