अमेरिकेचा ठिपका

जयसिंगपुरात एका घरी ब्रॉडबँड जोडून सोमेश जिना उतरत होता, तेवढ्यात शेजारच्या दारातून हाक आली, "पावणं, आमचंबी नेट बघा की."

हाक मारणारी सौंदर्या, अडत व्यापारी मल्लाप्पांची मुलगी. नुकतेच धुतलेले केस, ओला खांदा... सोमेशने आत जाऊन नजर मॉडेमवर ठेवली.

तिला अमेरिकेतलं स्थळ आलं होतं. दाखवण्याचा कार्यक्रम संगणकावरच ठरला, पण दोनदा चित्र मध्येच गोठलं. चेहराच दिसेना तर पसंती कशी कळवायची, असं मुलाची आई म्हणाली. आता रविवारी शेवटचा प्रयत्न, नाहीतर स्थळ हातचं जाणार.

सोमेशने वेग तपासला. काटा झरकन वर गेला. पण ही चाचणी जवळचं ठिकाण धरते, म्हणजे मुंबई, असं म्हणत त्याने नकाशावरचा अमेरिकेचा ठिपका निवडला. काटा जेमतेम हलला.

"मुंबईपर्यंत घोडा, पुढं गोगलगाय?" ती हसली. तोही हसला, आणि चहाला थांबला.

त्या आठवड्यात तिची तक्रार रोज आली. रोज तोच ठिपका, तोच आळशी काटा, तिच्या हातचा चहा...

शनिवारी ती हळूच म्हणाली, "आज अप्पा विचारतील. अमेरिकेपर्यंत जमायचं न्हाय, एवढंच सांगा. खोटं थोडंच हाय?"

"आणि मग?"

"मग... तुम्ही हायसा की, इथंच."

सोमेशचे कान तापले.

मल्लाप्पांना त्याने सांगितलं, लाइन चांगली आहे, समुद्रापलीकडचा वेग आपल्या हातात नाही. तिथंच थांबायचं होतं. पण त्यांचा चेहरा उतरला, आणि माहीत असलेलं सांगून टाकायची त्याची खोड नडली —

"पहाटे बोलून बघा. तेव्हा त्या वाटेवर गर्दी नसते."

सौंदर्याने कप उचलले. त्याच्याकडे पाहिलं नाही.

पहाटे चित्र एकदाही गोठलं नाही. पसंती आली. मल्लाप्पांनी सोमेशला मुद्दाम बोलावून घेतलं. पेढा सौंदर्यानेच दिला.

"एकच वाक्य जादा बोललासा," ती म्हणाली.

सोमेश पेढा खिशात टाकून निघाला.

काय बोलायला हवं होतं ते कुरुंदवाडच्या रस्त्यावर सुचलं. परत वळावं म्हणून त्याने उसाच्या कडेला गाडी थांबवली... बराच वेळ थांबवून ठेवली. खिशातल्या पेढ्याचा तुपकट डाग शर्टावर उमटला होता.