काडीऐवजी बोट

उदगीरहून लातूरला निघालेल्या एसटीत तूबा मांडीवर झोळी घेऊन बसली होती. झोळीत बॅटरी, पांढराशुभ्र रुमाल, पेचकस आणि वीतभर बांबूची काडी. जुन्या आरशाचं वय काढायला एवढं सामान पुरतं, हे तिला अब्बांनीच शिकवलं होतं. अब्बांचं, म्हणजे गुलाम रसूल यांचं, उदगीरला आरशांचं दुकान होतं. काचेमागची उडालेली कलई नव्यानं चढवून द्यायची, नक्षीच्या चौकटी सांधायच्या, जुनं काही हाती लागलं तर हैदराबादला पाठवायचं. कॉलेज करून तूबा या कामात मुरली होती. पण दुकानाची गादी कुणाला द्यायची म्हटल्यावर अब्बांना आठवला यासेर, तिचा भाऊ. त्याला कलई आणि चुना यातला फरक कळत नव्हता.

सकाळी त्यावरूनच पेटलं होतं.

"लातूरच्या वैजनाथसरांकडं एक आरसा हाय," अब्बा शेवटी चिडून म्हणाले होते. "मी बघून आलो. वय न सांगता परत आलो. तू सांगून ये. गादी तुझी."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"न्हाई सांगितलं. अन् ऐक, काडीनंच मोजायचं. काचेला बोट लावायचं न्हाई. आपल्यात कुणी लावत न्हाई."

"का पण?"

"का म्हणजे? न्हाई लावत."

तूबा झोळी उचलून निघाली. लहानपणापासून तिच्या प्रत्येक प्रश्नाला घरात हेच एक कुलूप होतं. न्हाई लावत, न्हाई जात, न्हाई बोलत. कारण विचारलं की पोरगी शेफारली.

भूकंपात तिकडं गावं मातीत बसली आणि इकडं लातुरात क्लासच्या पाट्या चढल्या. वैजनाथसरांनी क्लासच्या मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं आणि आरसा तिथल्या जेवणघरात टांगला होता. तूबा पोचली तेव्हा मुली क्लासला गेल्या होत्या, वीज गेली होती. स्वयंपाकीण साखराबाईनं कुलूप काढलं आणि ती सूप घेऊन उंबऱ्याबाहेरच बसली.

आत भरदुपारी अंधार. रॉकेलचा, शिळ्या वरणाचा वास. आणि त्याच्या खालून आणखी एक, नुकत्याच उपसलेल्या ओल्या मातीचा.

"पोरी इथं जेवत न्हाईत," साखराबाई तुरी पाखडत म्हणाली. "ताटं खोलीवर नेत्यात. सरांना वाटतं, अभ्यास करत्यात."

"आरसा कुठला हा?"

"आमच्या गावचा. घराची माती उपसली तवा निघाला. माणूस एक बी जित्तं न्हाई निघालं... अन् ह्याला चरा न्हाई."

तूबानं बॅटरी लावली. आरसा पुरुषभर उंच. सागवानी चौकटीवर पोपट आणि द्राक्षांचे घोस, सोनेरी वर्ख कोपऱ्यात तेवढा उरलेला. तिनं चौकट जरा पुढं ओढून मागं उजेड टाकला. फळ्या वाळून काळ्या पडलेल्या, खिळे हातानं ठोकून घडवलेले. म्हणजे शंभराच्या वर. मग तिनं काचेसमोर रुमाल धरला. जुन्या कलईत पांढरा रंग मळकट दिसतो. इथं रुमाल हातातल्यापेक्षा आरशात जास्त पांढरा होता. कलई जणू कालच ओतलेली.

तिच्या कपाळावर आठी चढली. आता राहिली काडी. कलई काचेच्या मागं असते, म्हणून काडीचं टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात काचेच्या जाडीएवढी फट दिसते. जुनी काच पातळ, फट बारीक. तिनं टोक टेकवलं. ज्वारीच्या दाण्याएवढी फट. पुन्हा टेकवलं. निम्मीच. पुन्हा... केसाएवढी.

"हात कापतोय," ती स्वतःशी म्हणाली. हात कापत नव्हता.

अब्बा इथूनच परतले असणार, तिला वाटलं. घाबरून. आणि संध्याकाळी तिलाही तसंच परत आलेलं बघून ते गादी यासेरकडं सरकवणार. काडीचं टोक पिंजलं होतं. तिनं ती फेकली आणि तर्जनीचं नख काचेला लावलं.

फट नव्हतीच.

नखाला नख लागलं. मग बोटाचं पेर पेराला. काच गार असते... हे कोमट होतं. तिनं हात ओढला, आला नाही. समोरचं बोट सावकाश दाबत होतं, सोडत होतं, पुन्हा दाबत होतं. तूबाला ती पद्धत ओळखीची होती. जुनी चौकट हाती आली की ती स्वतः असंच चाचपायची. कुणीतरी तिकडून तिचं वय काढत होतं.

मागं सुपाचा आवाज थांबला.

"लावलं ना बोट," साखराबाई दबक्या आवाजात म्हणाली. "तुमचा म्हातारा बरा. त्यानं न्हाई लावलं."

बोट सुटलं. तूबा धडपडत बाहेर आली. नखाखाली पांढरी माती भरली होती, खेड्यातल्या मातीच्या घरांच्या छतावर घालतात तसली. तिनं स्टँडवरच्या नळावर नख खरवडलं. माती निघायची, पुन्हा भरायची.

दिवेलागणीला ती दुकानात शिरली. गादीवर अब्बा, शेजारी यासेर, समोर भिंतभर आरसे.

"किती निघालं?" अब्बांनी विचारलं.

"शंभराच्या वर. कलई मात्र..." ती थांबली. अब्बा तिच्या बोटाकडं बघत होते. ते रागावले असते, ओरडले असते, तर तिला भांडता तरी आलं असतं. ते नुसते गादीवरून उठले, यासेरचं मनगट धरून त्याला दाराबाहेर काढलं आणि पायरीवर उभे राहिले.

"बस," ते म्हणाले. "तुझीच हाय आता."

"तुम्ही आत का येत नाही?"

"बस म्हणलं ना."

जिच्यासाठी ती इतकं भांडली, ती गादी समोर मोकळी होती. तूबानं आधी आरशांकडं पाहिलं. सगळ्या आरशांमधली मुलगी गादीवर मांडी घालून बसली होती. ओढणी नीट करत होती, आणि तिची नखं स्वच्छ होती.

तूबा अजून उभीच होती.