गुरुवारी मात्र नेटवर्क चालतं

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळचा गारठा चितेगावच्या त्या छोट्या कारखान्याच्या पत्र्यावरून अजून उतरला नव्हता, आणि मोजमापाच्या खोलीच्या दारात एक अनोळखी तरुण येऊन उभा राहिला. खांद्याला बॅग, कानाला मफलर, खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

"नेटवर्क इथलंच बंद आहे ना, मॅडम?"

ती खोली सांभाळणाऱ्या राजनंदिनीनं मान वर केली. उत्तर ओठांपर्यंत आलं... आणि तिथंच थांबलं. तिनं हात जोडले आणि कोपऱ्यातल्या, रिपोर्ट ठेवायच्या मोठ्या कॉम्प्युटरकडं नुसतं बोट दाखवलं.

तरुण ओशाळला. अरेरे, हिला बोलता येत नाही! मग त्यानं आवाज चढवला आणि हातवारे सुरू केले. "मी... कृष्णा! दुकानातनं... आलो! कार्ड... बघतो!"

फरशी पुसणाऱ्या सरूबाईंनी तोंडात पदर कोंबला. राजनंदिनीनं त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

तिचा नेम होता तो. आई दवाखान्यातून चालत घरी आली, त्या वर्षी धरलेला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पहाटे घट मांडायचा, महालक्ष्मीची कहाणी वाचायची आणि दुपारी बारापर्यंत मौन पाळायचं. बोलायचं नाही, तर ईमेलवर तरी कसं बोलायचं? म्हणून तोवर तिचा स्वतःचा कॉम्प्युटरही बंद. सुट्या भागांची सकाळची मोजमापं ती वहीत लिहून ठेवी.

कृष्णा तासभर मोठ्या कॉम्प्युटरपुढं बसला. नेटवर्क कसं, नदीसारखं वाहत होतं. "ह्याला तर काय झालं नाय!" त्यानं अंगठा वर करून दाखवला.

राजनंदिनी कासावीस झाली. तिनं कागदाचा चिठोरा ओढला आणि लिहिलं — 'कृष्णादादा, रोज दहा वेळा बंद पडतं. खोटं सांगत नाही.' चिठ्ठी पुढं करता करता तिचा हात थबकला. पेन मागं आलं... आणि 'दादा' एवढंच खोडून गेलं. साऱ्या कारखान्याला दादा म्हणणारी ती! कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यानं चिठ्ठी वाचली. खोडलेलंही वाचलं. घडी करून खिशात ठेवली आणि निघून गेला.

बाराचा भोंगा झाला. राजनंदिनीनं देवीचं नाव घेतलं, आपला कॉम्प्युटर लावला... आणि दहा मिनिटांत नेटवर्क गुडूप! तिनं कृष्णाच्या दुकानात फोन लावला.

"हॅलो, चितेगावहून बोलतेय. बंद पडलंय पुन्हा."

"कोण बोलतंय?"

"सकाळची मुकी."

पलीकडं कृष्णाच होता. "म्हंजे... तुम्हाला बोलता येतं?"

"बारानंतर येतं."

"आणि तुमचं नेटवर्क बारानंतर जातं! लई गुणी जोडी आहे."

तिला हसू आलं. ते त्याला ऐकू गेलं असावं, कारण फोन ठेवायची घाई दोघांनीही केली नाही. पण त्याची चितेगावची फेरी गुरुवारी सकाळीच असायची. बाकीचे दिवस बिडकीन आणि शहर.

दुसऱ्या गुरुवारी तेच. तो आला, नेटवर्क ठणठणीत.

"मॅडम, खरं सांगा." तो खुर्ची ओढून बसला. "नेटवर्क बंद पडतं, का मला बोलवायचं असतं?"

तिनं चिडून लिहिलं — 'इतका गर्व बरा नव्हे.'

"बरं. पण ईमेल चालत नाय आणि चिठ्ठी चालते व्हय? हे कुठल्या पोथीत लिहिलंय?"

संध्याकाळी घटापुढं बसून तिनं क्षमा मागितली. चिठ्ठीबद्दल मागितली, की पुढच्या गुरुवारची वाट बघितल्याबद्दल, हे तिचं तिलाही नीट कळलं नाही.

पण हसण्यावारी नेण्यासारखे दिवस नव्हते ते. मालक साहेबरावांनी तिला बोलावून घेतलं. "वीज पडून दोन कॉम्प्युटरचे पोर्ट जळाले, तेव्हा नेटवर्क जोडायची नवी कार्डं तूच मागवली होतीस. आता येत्या शुक्रवारी मोठ्या कंपनीचे लोक तपासणीला येतायत. त्यांच्यापुढं रिपोर्ट उघडले नाय, तर काम गेलं. मग ही खोली मी दुसऱ्याच्या हातात देईन, पोरी. वाईट वाटून घेऊ नको."

त्याच खोलीच्या जोरावर तिनं आईला पुन्हा उभं केलं होतं. ती मान खाली घालून परतली.

तिसरा गुरुवार. उद्या तपासणी! कृष्णानं आल्या आल्या तिचा चेहरा बघितला आणि मफलर काढून खुंटीला अडकवला.

"आज मी बारा वाजल्याशिवाय हलत नाय."

साडेअकरा. पावणेबारा. खिडकीबाहेर कडुनिंबाची सावली आखडत चालली होती. दोघंही घड्याळाकडं बघत होते, आणि मधूनच... नव्हते बघत. भोंगा झाला.

"नमस्कार," राजनंदिनी म्हणाली.

समोरासमोर ऐकलेला तिचा पहिला शब्द. कृष्णा आपण कशासाठी थांबलोय तेच विसरला! तिनं आपला कॉम्प्युटर लावला, आणि मोठ्या कॉम्प्युटरवर लाल खूण उमटली.

"थांबा! तुमचा बंद करा." बंद केला. नेटवर्क आलं. "लावा." लावला. गेलं! "बंद!" आलं!

"अगं बाई!" राजनंदिनी उभीच राहिली. "म्हणजे गुरुवारी माझा बंद असतो म्हणून..."

"म्हणून मी येतो तेव्हा सगळं ठीक!" त्यानं भराभर स्क्रू काढले, दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "प्रत्येक कार्डात ते बनवतानाच एक नंबर भरतात. जगात तसा दुसरा नसतो. ह्या दोन्हींचा एकच आहे! एकाच घराचा नंबर दोन दारांवर. पत्र टाकणारा गोंधळणारच की."

"असं कसं झालं?"

त्यानं कार्ड उजेडात धरलं. "हा स्टिकर तिरका केला की रंग बदलायला पाहिजे. ढिम्म आहे. छपाई पुसट. कड बघा, कशी ओबडधोबड कापलीय. नक्कल आहे, मॅडम. दोन्ही डुप्लिकेट."

बोलता बोलता त्यानं कार्ड उलटं केलं. कार्डाच्या मागं दुकानाचा शिक्का होता. त्याच्याच मामाच्या दुकानाचा. मामांनी कुठूनतरी स्वस्तात उचललेला माल.

राजनंदिनीला सगळं कळलं. ती हळूच म्हणाली, "नुसती बदलून द्या. मी कुणाला सांगणार नाही... गप्प राहायची सवय आहे मला."

"आणि ठपका तुमच्या माथ्यावर राहू दे? नाय." त्यानं दोन्ही कार्डं उचलली आणि तो सरळ साहेबरावांच्या केबिनमध्ये शिरला.

दाराबाहेर उभ्या राजनंदिनीच्या छातीत लेथ मशीन चालू झालं होतं. "मॅडमची काही चूक नाय, साहेब," कृष्णाचा आवाज आला. "आमच्या दुकानानं खोटा माल विकला." मग साहेबरावांचा भडका. सरूबाईंनी सुद्धा झाडू थांबवला. आणि शेवटी, "सहाच्या आत खरी कार्डं बसव. आणि मामाला सांग, असा भाचा आहे म्हणून वाचला."

साडेपाचला तो आला. केसांत पैठण रस्त्याची धूळ, हातात अधिकृत विक्रेत्याकडची दोन सीलबंद खोकी. स्टिकर तिरका केला — रंग बदलला! नंबर पडताळले — वेगळे! दोन्ही कॉम्प्युटर एकदम लावले. हिरवे दिवे लुकलुकू लागले, आणि दोघं लहान पोरांसारखे टाळ्या पिटू लागले. शुक्रवारी पाहुण्यांपुढं एकेक रिपोर्ट झरझर उघडत गेला. खोली तिचीच राहिली.

आणि चौथा गुरुवार. उद्यापन पुढच्या, शेवटच्या गुरुवारी. काहीही बिघडलेलं नव्हतं... तरी अकरा वाजता दारात मफलर दिसला.

"बघा सरूमावशी," कृष्णा म्हणाला, "नेटवर्क चालू असतानाही आलो."

"आम्हाला काय सांगतो बाबा! जिला सांगायचं तिला सांग. सगळ्यांना दादा म्हणते, तुला नाय म्हणत, हे आम्ही कवाच बघितलंय." सरूबाई बादली घेऊन बाहेर गेल्या.

त्यानं खिशातून जुनी चिठ्ठी काढली. घड्यांवर झिजलेली. "ह्या एका खोडाखोडीवर महिना काढला मी. मामा अजून धड बोलत नाय, तरी चाललंय." तो थांबला. "माझ्या आईला तुमच्या घरी पाठवू का? आता चिठ्ठी लिहू नका, नेम मोडेल. मी थांबतो बारापर्यंत."

एक तास! राजनंदिनीनं मोजमापं घेतली ती तीनदा चुकली. तिच्या वहीतले आकडे नाचत होते, बांगड्या उगाच किणकिणत होत्या. तो आपला भिंतीवरचं कॅलेंडर पुन्हापुन्हा वाचत होता.

भोंगा झाला. त्या कर्कश आवाजातच तिचे ओठ हलले.

"काय? काय म्हणालात?" तो कानाला हात लावून पुढं झुकला.

भोंगा थांबला. राजनंदिनीनं डोळे मिटून देवीला नमस्कार केला आणि मग सरळ त्याच्याकडं बघितलं.

"पाठवा आईंना. पण गुरुवारी सकाळी नको..." ती हसली. "त्या येतील तेव्हा मला खूप बोलायचं असेल."