डावीकडे वळलेली वेटोळी

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. नका मानू! माझं काही अडलेलं नाही. पण एका बिस्किटापुढे मरणाच्या भयानं थिजलेली बाई मी या डोळ्यांनी पाहिली आहे. आणि ते बिस्कीट तिनंच भाजलेलं होतं...

त्या घरच्या सासूबाईंचा जीव अक्रोडाच्या बिस्किटांत अडकलेला. लोण्यात मळलेल्या पिठात अक्रोडाची पूड घालायची, बिस्किटं खरपूस भाजायची, निवली की वर साखर-लिंबाच्या आयसिंगचं गोल वेटोळं. आणि नियम असा कडक, की जी भाजेल तिनं पहिलं बिस्कीट सगळ्यांदेखत खायचं. मगच ताट फिरणार. थोरली सून घरात आली त्याच दिवशी सासूबाईंनी ऐकवलं होतं, "अक्रोडाला नाक मुरडणारं माणूस माझ्या घरात नको हं!"

आणि थोरलीला अक्रोड म्हणजे साक्षात विष! लहानपणी एवढासा तुकडा पोटात गेला तर गळा आवळला, ओठ असे सुजले की त्यांच्यामागे नाक दिसेना. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा खाल्लास तर मला बोलावूसुद्धा नकोस. पण परत जायला माहेर उरलं नव्हतं... बिचारी गप्प राहिली. दर वेळी अक्रोड घालण्याआधी पिठाचा एक गोळा ती बाजूला काढी, त्याचं एकच साधं बिस्कीट भाजी, आणि खूण म्हणून त्याचं वेटोळं डावीकडे वळवी. बाकी सगळी उजवीकडे. वर्षानुवर्षं हसतमुखानं तिनं ते एकटं बिस्कीट खाल्लं. नवऱ्यालाही पत्ता नाही!

त्या दिवशी बिस्किटं जाळीवर, आपलं तेवढं एका कोपऱ्यात, निवत ठेवून ती वाळलेले कपडे काढायला गेली. परतते तो काय! धाकटा दीर, त्या घरातला एकमेव देखणा माणूस, आयसिंगची पिशवी हातात घेऊन उभा.

"वहिनी, बघ! सगळी सजवून ताटात रचलीसुद्धा. नेहमी तूच राबतेस."

तिनं ताटाकडे पाहिलं. दीर डावखुरा! एकूण एक वेटोळं डावीकडे...

"भावजी... अहो, काय केलंत हे!"

"का? वाकडी झालीत?"

"अगं, आणतेस ना?" बाहेरून सासूबाईंची हाक आली. "की तिथंच फस्त केलीस सगळी?"

ती ताट घेऊन गेली. नवरा, दीर, सासूबाई, सगळे तिच्या हाताकडे बघत बसलेले. खावं, तर श्वास कोंडणार! सांगावं, तर इतक्या वर्षांच्या फसवणुकीपायी हे घर तुटणार! तिनं एक उचललं. हात असा थरथरला की वरचं आयसिंग उडून भिंतीवरच्या घड्याळाला चिकटलं आणि काटे जागीच थांबले...

"खा की गं! विष कालवलंयस का त्यात?" सासूबाई हसल्या.

बिस्कीट ओठांपर्यंत आलं.

"आई, मला मरायचं नाही हो!" हुंदका फुटला तिला. "मला अक्रोड चालत नाही... कधीच चालला नाही!" आणि रडत रडत तिनं त्या एकट्या बिस्किटाची सगळी कहाणी ओकून टाकली.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. दिराच्या हातातली पिशवी गळून पडली. आणि सासूबाई... काय सांगू! धावत येऊन त्यांनी सुनेला मिठी मारली. "चुकले गं पोरी मी! मला क्षमा कर!" अशा रडल्या, अशा रडल्या, की ताटात पाणी साचलं, बिस्किटं होड्यांसारखी तरंगायला लागली आणि...

"थापा!"

दारात थोरलीच उभी होती, आता केस पांढरे झालेली.

"पुरे, भावजी! क्षमाबिमा काही मागितली नाही आईंनी. उठल्या, अक्रोडाची बरणी उचलली, बाहेर नेऊन उपडी केली... आणि जिवंत होत्या तोवर पुन्हा अक्रोडाला हात लावला नाही."